पाटलाचे दहा राजे

निज भाद्रपद शु. २, शके १८५८

यंदा गणपतीत कीर्तन नाही. मेहकरचे बुवा अंथरुणाला खिळले आहेत आणि ऐन वेळेला दुसरा कोणी मोकळा नाही. वामनराव मास्तर सकाळी ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "पाटील, तुम्हीच बोला आता. बुलढाण्याला राहून मॅट्रिक झालेला माणूस गावात दुसरा आहे कोण?"

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं.

विषय मीच काढला. खरा राजा कोण? रोज एक राजा, रोज वेगळ्या मुलखातला. रामाची, महाराजांची गोष्ट गावाला पाठ आहे. मी चीन, इराण, रोम इथले सांगणार. शाळेच्या कपाटातली पुस्तकं आणायला गेलो तेव्हा भिंतीवर नुसता पांढरा चौकोन दिसला. विलायतेचा जुना राजा जानेवारीत वारला, तसबीर उतरवली. नव्या राजाची अजून आलेली नाही.

वडील जाऊन दोन वर्षं झाली. पाटीलकी माझ्याकडे आली, शेती धाकट्या भावाकडे, कडूबाकडे. वडील म्हणत, कडूबाच्या अंगात दोन बैलांचं बळ आहे आणि डोक्यात एकाचं. आई तेव्हा रागवायची. मी हसायचो.

शु. ४

गणपती बसला. मारुतीच्या पारावर कंदील लावून बोललो. सुरुवातीला अडखळलो, मग सुटलो.

आज चीनचा याव राजा. म्हातारपणी त्याने गादी पोटच्या पोराला दिली नाही. पोरगा भांडखोर होता. राजाने मुलूखभर माणूस शोधला आणि नांगर धरणाऱ्या शुनला बोलावलं, का तर त्याचा बाप आणि सावत्र आई त्याच्या जिवावर उठले असतानाही त्याने घर मोडू दिलं नव्हतं. माणसं गप्प होऊन ऐकत होती. कडूबा पाराच्या खालच्या पायरीवर बसला होता, तोंड उघडं टाकून. त्याला एवढा वेळ एका जागी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवटी उकंडराव आजा उठले. गावातले सगळ्यांत म्हातारे तेच. म्हणाले, "पाटील, हे चीनचं झालं. आपला राजा कोन ते सांगा. माहा बाप म्हने, वऱ्हाड निजामाचं. शाळेत तसबीर विलायतेच्या राजाची. हुकूम येते नागपूरहून. तिघांतला एकई म्या डोयानं पाह्यला नाई."

हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "आपला राजा पाटील!"

मी हात हलवून नको नको केलं. पण घरी येईपर्यंत ते कानात होतं.

शु. ५

आज ऋषीची पंचमी. आईचा उपास. बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही, म्हणून लहानू माळ्याच्या बायकोने, झुंबरबाईने कुदळीवर पिकवलेली भाजी तिने सकाळीच आणवली.

संध्याकाळी इराणचा नौशेरवान. त्याने महालाबाहेर साखळी सोडली होती, साखळीला घंटा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ओढायची. एकदा घंटा वाजली, राजा बाहेर आला, तर एक म्हातारं गाढव साखळीला अंग घासत होतं. मालकाने काम संपल्यावर हाकलून दिलेलं. राजाने मालकाला बोलावून गाढवाला मरेपर्यंत दाणापाणी द्यायला लावलं.

लोक उठायला लागले तेव्हा लहानू पुढे आला. "पाटील, गाढवानं घंटा वाजवली तरी राजा भाईर आला म्हनता?"

"आला."

"मंग समजा म्या वाजवून राह्यलो. तुमचे बैल पुन्हा माह्या वांग्यात शिरले. कडूबाभाऊले सांगू सांगू थकलो. आता कोंडवाड्यात नेऊन घालीन, मंग म्हनू नका."

सगळे हसले. लहानूही हसला. मीही हसत म्हणालो, "वाजव, वाजव घंटा." कडूबाला बैलांचं सांगायला हवं.

शु. ६

रोमचा मार्कस. रोगराईत खजिना आटला तेव्हा त्याने रयतेवर पट्टी बसवली नाही, स्वतःच्या महालातली भांडीकुंडी, राणीची रेशमी वस्त्रं चव्हाट्यावर लिलावात काढली. बायकांना हे फार आवडलं.

बोलण्याच्या भरात मी पुढचंही सांगून टाकलं, की शेवटी शेवटी दक्षिणेतल्या एका चोळ राजाची गोष्ट सांगणार आहे, एका गाईच्या फिर्यादीवरून ज्याने पोटच्या पोराचा न्याय केला. मास्तरांची ती लाडकी गोष्ट आहे. लोक आत्तापासून विचारायला लागले आहेत.

कडूबाला बैलांचं सांगायचं राहून गेलं.

शु. ७

झालं ते क्रमाने लिहितो.

आज आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या होत्या. आई माजघरात मुखवटे पुसत होती, शेजारच्या बायका आल्या होत्या. मी अंघोळ करून मागच्या परसात आलो तर कडूबा बैल घेऊन उभा. बैल बांधायचं त्याला सुचत नव्हतं. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

"दादा, लहानू मेला."

मला वाटलं साप चावला असेल.

"म्या मारलं," तो म्हणाला. "तो बैल घेऊन कोंडवाड्यात चालला होता. नाल्यात गाठ पडली. म्या म्हनलं, सोड. तो म्हने, पाटलानंच सांगतलं घंटा वाजव मनून. मले वाटलं हसून राह्यला माह्यावर. एकच काठी मारली, दादा. तो दगडावर पडला अन् उठलाच नाई. म्या त्याच्या तोंडात पानी घातलं. पानी भाईर येऊन राह्यलं."

मी पहिलं काय विचारलं ते लिहून ठेवतो. मी विचारलं, "कोणी पाहिलं?"

"नाई."

मग सगळं मी ठरवलं. त्याला धोतर बदलायला लावलं. बैल गोठ्यात बांधले. त्याला सांगितलं, तू सकाळपासून महालक्ष्म्यांसाठी केळीचे खुंट आणत होतास, याच्याबाहेर एक शब्द नाही. तो नुसता मान हलवत होता. थोड्या वेळाने गुराखी पोरं ओरडत आली की लहानू माळी नाल्यात पडला आहे. मी गेलो. पाटील म्हणून गेलो. रिपोर्ट लिहिला: नाला ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरून, डोक्यास मार लागून मयत, संशय नाही.

माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

आईला काही कळलेलं नाही. तिने बायकांना मात्र गाणी म्हणू दिली नाहीत. "गावात मयत हाय," एवढंच म्हणाली. कडूबाची लोखंडी कडीची काठी परसात कोपऱ्याला टेकवलेली होती; संध्याकाळी पाहिली तर नव्हती. त्याने कुठे तरी टाकून दिली असावी. बरं झालं.

शु. ८

ठाण्यातून जमादार आला. नाला पाहिला, दगड पाहिला, पंचांचे अंगठे घेतले. प्रेत दवाखान्यात न्यायचं का, असं मी आपणहून विचारलं. तो म्हणाला, "पाटलाचा शब्द आहे तर कशाला?" प्रेत जाळलं. जमादार आमच्याकडे महालक्ष्म्यांचा प्रसाद जेवला. पुरणपोळी त्याने मागून घेतली.

दुपारी झुंबरबाई ओसरीखाली येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"पाटील, तो लहानपनापासून त्या नाल्यातून जाये. कंदी पाय घसरला नाई त्याचा."

मी म्हणालो, "वेळ आली की तसं होतं, बाई."

"सकाळी तुमचे बैल घेऊन निघाला होता. बैल कुठी हायेत?"

"बैल आपोआप घरी आले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग "हाव" म्हणाली आणि गेली. आईने तिच्या मागोमाग शिधा पाठवला, आणि महालक्ष्म्यांच्या पुढची एक साडीही. मला ते जास्त वाटलं. लोक उगीच अर्थ काढतात.

रात्री गोष्ट झाली नाही. गावाने दुखवटा पाळला.

शु. ९

एक मनात आलं ते लिहितो. मी हे माझ्यासाठी केलं नाही. कडूबा बावीस वर्षांचा आहे, येत्या फाल्गुनात त्याचं लग्न ठरतं आहे. आई विधवा. लहानू तर आता परत येत नाही. एकाच्या जागी दोन घरं बुडवून न्याय होतो, असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे?

लिहिलं आहे खरं. पण ती राजांची पुस्तकं.

आई आज चुलीतली राख चाळत होती. त्यातून एक लोखंडी कडी निघाली. तिने ती पदराला पुसून खिडकीतून उकिरड्यात टाकली. मी तिथेच उभा होतो. 

शु. १०

गोष्टी पुन्हा सुरू केल्या. नाही केल्या तर लोक विचारतील. आज अशोक. त्याने कलिंग जिंकलं, रणांगणावर फिरला आणि पुन्हा तलवार धरली नाही. हे सांगताना कडूबाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तो पायरीवर नव्हताच. पार मागे, चिंचेखाली अंधारात बसला होता.

तो झुंबरबाईच्या शेतात उडीद उपटायला जातो आहे. सकाळी जातो, दिवस मावळता येतो. तिचं घरचं माणूस गेलं म्हणून पाटलांनी भावाला पाठवलं, असं गावात बोलतात आणि आमच्या घराचं नाव काढतात. मी काही पाठवलं नाही, पण खोडूनही काढलं नाही. पोरगं दिसतं तेवढं मठ्ठ नाही. कोणाला संशय येऊ नये म्हणूनच करत असावं. जेवत मात्र नाही. पित्त झालं असेल. सौ.ला सांगून आल्याचा रस दिला.

शु. १२

काल इजिप्तच्या राजांबद्दल बोललो. तिथे म्हणे राजा मेला की पुरण्याआधी रयत त्याचा न्याय करी. ज्याच्याबद्दल वाईट बोलणारे जास्त, त्याला थडगं मिळत नसे. माणसं कंटाळली. उकंडराव म्हणाले, "पाटील, मेल्यावर न्याय कोनई करते. ती गाईची सांगा ना. तुमी कबूल केलती."

सगळेच मागे लागले. आज सांगावी लागली.

चोळ राजाच्या दारावरही घंटा होती. राजपुत्राच्या रथाच्या चाकाखाली एक वासरू सापडून मेलं. गाय येऊन शिंगाने घंटा वाजवायला लागली. राजाने बाहेर येऊन विचारलं आणि त्याला कळलं. इथपर्यंत मी नीट सांगितलं. पुढे राजा म्हणतो, जसं गाईचं लेकरू गेलं तसं माझं जाईल, आणि प्रधान रथ हाकायला तयार होत नाही म्हणून स्वतः लगाम हातात घेतो.

मी तसं सांगितलं नाही. मी सांगितलं की प्रधानाने राजाला समजावलं, पोराकडून चुकून झालं, गादीला वारस एकच आहे. मग राजाने गाईला जन्मभर चरायला कुरण दिलं आणि गाईने क्षमा केली. माणसांनी सुस्कारा सोडला. बायका म्हणाल्या, बरं झालं बाई.

वामनराव मास्तर माझ्याकडे टक लावून पाहत होते. 

घरी येताना कडूबा बरोबर चालत होता.

"दादा, असंच झालं होतं का?"

"असंच."

"गाय खरंच माफ करते?"

"पुस्तकात आहे तसं सांगितलं."

"बरं," तो म्हणाला.

शु. १३

कडूबा सकाळीच निघून गेला. आई म्हणते, त्याने भाकरी नेली नाही, वहाणा नेल्या नाहीत. आज जानेफळचा बाजार नाही, पण तो अमडापूरच्या बैलबाजाराचं कधीचं म्हणत होता. तिकडे गेला असेल. बैलाचं वेड आहे त्याला. जरा मन रमलं तर बरंच.

मास्तर भेटले. म्हणाले, "तुमचा भाऊ पहाटेच दारात उभा. म्हणाला, त्या चोळ राजाचा शेवट काय झाला ते सांगा. मी सांगितला, आहे तसा." मग म्हणाले, "तुम्ही का बदलला, पाटील?"

मला मास्तरांचा राग आला. म्हणालो, "बायकापोरं बसली होती. सणासुदीला रक्तपात कशाला?"

उद्या विसर्जन. उद्याचा राजा बंगालचा एक सुलतान. शिकारीत त्याच्या बाणाने एका विधवेचं पोर जखमी झालं, आणि काझीने बोलावलं तेव्हा तो साध्या माणसासारखा न्यायासनापुढे जाऊन उभा राहिला. टिपण काढून ठेवलं आहे.

शु. १४

फौजदार आले तेव्हा पोरं गणपतीची पालखी सजवत होती. बैलगाडीतून आधी फौजदार उतरले, मग जमादार, मग कडूबा. त्याचे हात बांधलेले नव्हते. पायांना फोड आले होते.

मी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा सांगितला. पोरं पालखी सोडून अंगणात जमली. मी त्यांना हाकललं. ती वाड्याबाहेर भिंतीला लागून उभी राहिली.

फौजदार शांतपणे बोलले. "पाटील, हा तुमचा भाऊ कालपासून ठाण्यात बसून आहे. म्हणतो, माळ्याला मी मारलं. तुमचा रिपोर्ट म्हणतो पाय घसरला. आमच्या जमादाराचा पंचनामा म्हणतो पाय घसरला. पंचांचे अंगठे आहेत. प्रेत जळालं. साक्षीदार नाही, काठी नाही. आता मी काय धरून चालू?"

जमादार खाली पाहत होता.

"माझं ऐका," फौजदार म्हणाले. "गावात मयत पाहून पोराच्या मनावर परिणाम झाला. होतं असं. तुम्ही दोन ओळी लिहून द्या की याचं डोकं ठिकाणावर नाही, मी याला तुमच्या हवाली करतो. गणपती बोळवा आणि सुखानं राहा."

त्यांनी कागद पुढे केला. दौत माझीच होती.

मी खरं लिहितो आहे. मी टाक हातात घेतला आणि म्हणालो, "साहेब, बरोबर आहे तुमचं. चार दिवस झाले, तो जेवत नाही. त्याचं डोकं ठिकाणावर नाही."

कडूबा माझ्याकडे पाहायला लागला. मला वाटलं तो ओरडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी केली होती. तो काही वेळ नुसता विचार करत राहिला, लहानपणी पाढे म्हणताना करायचा तसा. मग म्हणाला, "बरं, दादा. तू म्हनतो त तसं."

आणि फौजदारांकडे वळून, "दादा म्हनते ते खरं असंल, साहेब. माहं डोकं ठिकानावर नसंल."

माझ्यासाठी तो वेडा व्हायलाही तयार झाला. एका शब्दाने न भांडता. मी टाक खाली ठेवला. ठेवला की हातातून पडला, आठवत नाही. कागदावर शाई सांडली.

"साहेब," मी म्हणालो, "याचं डोकं ठिकाणावर आहे. रिपोर्ट खोटा आहे. मी जाणून लिहिला. काठी याच्या हातची, आणि लपवाछपवी माझी."

फौजदार वैतागले. "पाटील, विचार करून बोला. यात तुम्हीही जाता. पाटीलकी जाते."

"हो."

"झोपेत बोलताय का?"

"नाही."

त्यांनी चहाचा पेला तसाच ठेवला. जबाब घेईपर्यंत उन्हं कलली. माजघराच्या दारात आई उभी होती, किती वेळ ते माहीत नाही. कडूबाला गाडीत बसवलं तेव्हा ती पुढे आली नाही. तिने दार आतून लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

गणपती माझ्याशिवाय गेला. ढोल वाजला नाही. सुलतानाची गोष्ट राहिली.

आश्विन शु. ६

हुकूम आला. पाटीलकीवरून तहकूब. कारभार चुलतभावाकडे. दप्तर त्याच्या हवाली करताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही; मला वाटतं त्याला लाज वाटत होती, किंवा आनंद झाला होता आणि त्याची लाज वाटत होती. माझ्यावर खोट्या रिपोर्टाचा खटला वेगळा होणार.

गाव माझ्याशी बोलत नाही. मी खोटं लिहिलं म्हणून नव्हे. सख्ख्या भावाला फाशीच्या दोराकडे लोटलं म्हणून. पारावर माझ्यासमोर ज्यांनी माना डोलावल्या, तीच माणसं मी आलो की उठून जातात. उकंडराव तेवढे बसले. त्यांनी चिलीम बाजूला ठेवली.

"राग नका मानू, पाटील. गोष्टीतला राजा बरा वाटते आयकाले. आपल्या घरी असा नोको वाटते."

"मग मी काय करायला हवं होतं, आजा?"

त्यांनी चिलीम पुन्हा उचलली. "मले नाई मालूम," म्हणाले. "मी कंदी राजा नव्हतो."

आश्विन शु. १०

दसरा. सोनं द्यायला कोणी आलं नाही.

झुंबरबाईकडे गेलो. जावं की नाही यात आठवडा घालवला. ती वांग्याच्या वाफ्यात कुदळ चालवत होती. मी म्हणालो, "बाई, खरं होतं ते मी सांगितलं."

"आयकलं."

"आधीच सांगायला हवं होतं."

तिने कुदळ थांबवली नाही. "कडूबाभाऊ उडीद उपटाले आला तवाच मले समजलं. तो वर मान करून पाहे नाई. म्या पानी दिलं त घे नाई, नाल्यावर जाऊन पिये. म्या काई म्हनलं नाई त्याले. म्हनलं, उपटू दे." मग म्हणाली, "तो जेलात गेला त माहा मानूस वापस येते का, पाटील? पाऊस जाऊन राह्यला. जा तुमी आता."

मला वाटलं होतं तिला थोडं तरी बरं वाटेल. काय म्हणून वाटलं होतं कोण जाणे.

कडूबा शेतात काय करत होता ते मला आज समजलं. मी सौ.ला आल्याचा रस द्यायला सांगत होतो.

कार्तिक व. १३

बुलढाणा. निकाल लागला.

थंडी फार. कोर्टाच्या आवारात चहाच्या दुकानापाशी गर्दी होती आणि सगळे एकच बोलत होते. विलायतेच्या नव्या राजाने गादी सोडली. एका बाईसाठी. एक वकिलाचा कारकून मोठ्याने म्हणत होता, "अरे, आमच्याकडे पटवारी खुर्ची सोडत नाही, अन् हा राज्य सोडून निघाला!" लोक खिदळत होते. कोणी म्हणे मर्द, कोणी म्हणे बायल्या. मला त्या राजाच्या भावाचं वाईट वाटलं. त्याच्या गळ्यात आता ते सगळं पडलं असणार. शाळेतल्या भिंतीला तसबीर मिळायच्या आत हा राजाही गेला.

आत जज्जसाहेबांनी कडूबाला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तो म्हणाला, "हाव." त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, नीट समजून सांग. तो पुन्हा म्हणाला, "हाव, साहेब. एकच मारली, पन म्याच मारली." खुनाचं कलम टिकलं नाही. सात वर्षं सक्तमजुरी. आपणहून हजर झाला नसता तर जास्त झाली असती, असं वकील म्हणाले, जणू माझं सांत्वन करत होते.

आधी माझी साक्ष झाली होती. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही आधी खोटं का लिहिलंत? मी म्हणालो, भाऊ आहे. मग खरं का सांगितलंत?  तेही उत्तर मी तेच दिलं. भाऊ आहे. कोर्टात कोणीतरी हसलं.

पायऱ्यांवर शिपायांनी आम्हाला थोडं बोलू दिलं. मी म्हणालो, "कडूबा, मला माफ—"

तो दुसऱ्याच विचारात होता. "दादा, लाल्याले डाव्या अंगाले जुंपजो. उजव्याले तो चालत नाई, मान टाकते. नव्या सालदाराले सांगजो, मारू नोको मनावं. अन् मायले म्हनजो, मी जेवतो आता."

त्याला नागपूरला नेणार. मोटार घाटाकडे वळेपर्यंत मी उभा होतो.

मार्गशीर्ष शु. २

काल सांजवेळी घरी पोचलो. सौ. तिच्या माहेरी आहे; मीच पाठवली. घरात आई एकटी. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. सौ. वाढायची, मी जेवायचो, आई तेवढा वेळ गोठ्यात जाऊन बसायची.

मी ओसरीवरूनच सांगितलं, सात वर्षं. कडूबाने निरोप दिला तोही सांगितला. आत काही हालचाल झाली नाही. मी पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसलो.

मग ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

"महादेव," ती म्हणाली, "ते गाईची गोष्ट. म्या पारावर आयकली नव्हती. सांग मले."

मी म्हणालो, "आई, राहू दे."

"सांग. खरी सांग."

मी सांगितली. रथ, वासरू, गाय, घंटा. राजा बाहेर आला. प्रधानाने नाही म्हटलं. राजाने स्वतः लगाम घेतला, पोराला रस्त्यावर निजवलं, आणि रथ त्याच्यावरून नेला. पुढे देव प्रसन्न झाले, वासरू आणि पोर दोघंही उठून बसले, असं पुस्तकात आहे. ते मी सांगितलं नाही. तिला ते ऐकायचं नव्हतं असं मला वाटलं.

 गोठ्यात बैलांनी खुर आपटले.

"राजानं रथ चालवला," ती म्हणाली. "मंग घरी आला असंल ना?"

"आला असेल."

"घरी त्या पोराची माय होती?"

मी पुस्तकं मनात चाळली. चीन, इराण, रोम, कलिंग. राणी कुठेही उभी नव्हती. मार्कसच्या गोष्टीत तिची रेशमी वस्त्रं तेवढी होती.

"गोष्टीत नाही, आई. तिचं काही लिहिलेलं नाही."

"लिवनार कोन?" ती म्हणाली. "घरी असंल ती. राजा आला असंल, भुकेला असंल. रथ हाकून आला होता."

ती उठली, आत गेली. मी चूल पेटल्याचं ऐकलं, भाकरी थापल्याचं ऐकलं. दिवा लावायला उठावं असं वाटलं, पण उठवलं नाही. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. माजघरात एकच पाट मांडला होता. तिने माझ्या ताटात भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, वर तेल सोडलं, आणि समोर भिंतीला टेकून बसली.

"जेव," म्हणाली.

मी घास घेतला.  ती नजर न हलवता पाहत होती. रागाने की मायेने, ते मला सांगता येत नाही. ताट संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि मी शेवटचा घास खाल्ल्यावर तिने विचारलं, "अजून वाढू?"

मी हो म्हणालो.